ठेव, उत्सर्ग आणि विश्वस्त : यशवंतपूरच्या एका निधीच्या निमित्ताने समन्यायाच्या तत्त्वांचा विचार

बंगळूर शहराच्या वायव्येस, मल्लेश्वरम् आणि यशवंतपूर या दोन वस्त्यांच्या दरम्यान, भारतीय विज्ञान संस्थेचा विस्तीर्ण परिसर आहे. तिच्या अधिकृत नावात संस्थापकाचे नाव नाही आणि ते असू नये अशी संस्थापकाचीच इच्छा होती. तरीही या भागातील सामान्य माणूस तिला आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ असेच म्हणतो. आपल्या संपत्तीचा मोठा भाग देणारा मनुष्य त्या संपत्तीवरून आपले नाव काढून घेतो आणि लोक ते तिला परत चिकटवतात. ही गोष्ट वरवर पाहता लोकव्यवहारातील एक गंमत वाटते. परंतु दिलेली वस्तू दिल्यानंतर कोणाची होते, या प्रश्नाचे ते एक रूप आहे. इंग्लंडच्या समन्यायाने आणि त्यातून घडलेल्या विश्वस्तकायद्याने हाच प्रश्न काही शतके सोडवीत आणला. भारतीय परंपरेनेही तो आपल्या पद्धतीने हाताळला होता. एकोणिसाव्या शतकात या दोन विचारधारा मुंबई इलाख्यात एकमेकींसमोर आल्या. त्या भेटीतून जे शब्द आणि ज्या संस्था निर्माण झाल्या, त्यांपैकी यशवंतपूरची ही संस्था एक होय.

प्रस्तुत लेखात विश्वस्तकल्पनेचे मूळ घटक, त्यांना भारतीय वाङ्मयात व धर्मशास्त्रात सापडणारे प्रतिरूप आणि या संस्थेच्या स्थापनेत व पुढील इतिहासात दिसणारे त्यांचे कार्य, अशा क्रमाने विचार केला आहे.

१. न्यास : परत करावयाची वस्तू

आज हिंदीत आणि काही प्रमाणात मराठीतही इंग्रजी ‘ट्रस्ट’ या शब्दासाठी ‘न्यास’ हा शब्द योजला जातो. तो संस्कृतातील आहे, मात्र त्याचा मूळ अर्थ ‘ट्रस्ट’ असा नाही. मनुस्मृतीने विवादांची जी अठरा व्यवहारपदे सांगितली, त्यांत ऋणादानानंतर लगेच निक्षेपाचे स्थान आहे. निक्षेप, न्यास, उपनिधी या संज्ञांमध्ये स्मृतिकारांनी आणि टीकाकारांनी बारकाईचे भेद केले आहेत. वस्तू मोजून दिली की मोहोरबंद करून दिली, प्रत्यक्ष गृहस्थाच्या हाती दिली की त्याच्या अनुपस्थितीत घरच्यांकडे सोपवली, असे ते भेद आहेत. या सर्वांना समान असलेली गोष्ट एकच, की वस्तू ठेवणाऱ्याची मालकी कायम राहते. सांभाळणारा ती फक्त सांभाळतो आणि मागताच परत करतो. येथे व्यवहार दोघांचा आहे : ठेवणारा आणि सांभाळणारा.

संस्कृत नाटकांनी या कल्पनेतील नाट्य फार पूर्वी ओळखले होते. भासाच्या ‘स्वप्नवासवदत्ता’मध्ये यौगंधरायण वासवदत्तेला आपली बहीण म्हणून मगधाची राजकन्या पद्मावती हिच्याकडे न्यास म्हणून ठेवतो. पुढे पद्मावतीचा विवाह वासवदत्तेच्याच पतीशी होतो आणि सांभाळणारी व सांभाळलेली यांचे नाते विलक्षण गुंतागुंतीचे होते. अखेरच्या अंकात यौगंधरायण आपली ठेव परत मागतो, तेव्हा राजा ती साक्षीदारांसमक्ष परत करावी असे सांगतो. एका अतिशय नाजूक भावनिक क्षणी व्यवहारशास्त्रातील नियम आठवतो, आणि ओळख पटण्याचा प्रसंगही त्या नियमाच्या पालनातूनच घडून येतो. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या चौथ्या अंकाच्या शेवटी कण्व आपल्या मनाच्या हलकेपणाला परत केलेल्या न्यासाची उपमा देतात. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ मराठी रंगभूमीवर आणले. कन्या हे परक्याचे धन ही समजूत मराठी घराघरांत आधीच इतकी परिचित होती की त्या प्रेक्षकाला ही उपमा समजावून सांगण्याची गरज पडली नसावी. कन्येला ठेव मानणाऱ्या या उपमेत कन्येची स्वतःची इच्छा मात्र कुठेच येत नाही, ही बाब पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी लागेल.

तिसरे उदाहरण सर्वांत अर्थपूर्ण आहे. ‘मृच्छकटिक’ नाटकात वसंतसेना आपले अलंकार चारुदत्ताकडे ठेवते आणि शर्विलक ते चोरून नेतो. मनुस्मृतीच्या नियमानुसार सांभाळणाऱ्याने स्वतः काही काढून घेतले नसेल आणि ठेव चोरांनी नेली असेल, तर ती भरून देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. म्हणजे काटेकोर व्यवहारशास्त्राच्या दृष्टीने चारुदत्त मोकळा होता. तरीही तो आपल्या पत्नीची रत्नावली वसंतसेनेकडे पाठवतो, आणि अलंकार आपण द्यूतात हरलो असे खोटेच कळवतो. कायदा सोडून देतो तेथे मन सोडत नाही, हे या प्रसंगाचे मर्म आहे. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिका’मुळे हा चारुदत्त मराठी मध्यमवर्गाच्या नैतिक कल्पनाविश्वाचा भाग झाला. इंग्रजी समन्यायाचा इतिहास याच फटीतून, म्हणजे कायद्याचे बंधन आणि सदसद्विवेकाचे बंधन यांच्यातील अंतरातून, सुरू होतो. फरक इतकाच, की शूद्रकाने ते अंतर चारुदत्ताच्या स्वभावाने भरून काढले, तर इंग्लंडने त्यासाठी न्यायालय उभारले.

२. उत्सर्ग : सर्वांसाठी सोडलेली वस्तू

न्यासाबरोबरच धर्मशास्त्रात दुसरी एक कल्पना आहे, ती उत्सर्गाची. तळे, विहीर, वृक्षराजी, धर्मशाळा ही पूर्तकर्मे होत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात इष्ट आणि पूर्त, दान आणि उत्सर्ग यांचे विस्तृत विवेचन केले आहे. दानाला घेणारा कोणी निश्चित असतो आणि त्याच्या स्वीकाराने दान पुरे होते. उत्सर्गात मात्र कर्ता आपली मालकी सोडतो ती सर्व प्राणिमात्रांसाठी. तळ्याचे पाणी कोणीही प्यावे. स्वतः कर्त्यानेही प्यावे, मात्र मालक म्हणून नव्हे, तर सर्वांतील एक म्हणून.

या दोन कल्पना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. न्यासात सांभाळणारा आहे, परंतु ठेवणाऱ्याखेरीज लाभ घेणारा तिसरा कोणी नाही. उत्सर्गात लाभ घेणारा अवघा समाज आहे, परंतु ज्याला गाठून जाब विचारता येईल असा सांभाळणारा मात्र संकल्पाने नेमलेला नाही. तळ्याच्या रक्षणाचे कर्तव्य राजाचे, गावाचे, वंशजांचे मानले गेले, आणि ते पुष्कळदा पाळलेही गेले. तथापि ते उत्सर्गाच्या संकल्पातून आपोआप निघत नाही. एकाच्या हाती वस्तू, दुसऱ्याला तिचा लाभ आणि त्या दुसऱ्याच्या वतीने पहिल्याला जाब विचारण्याची सोय, हा त्रिकोण या दोन्ही कल्पनांत पूर्ण होत नाही. विश्वस्तकल्पना या त्रिकोणाची आहे.

३. चॅन्सरीपासून मुंबईपर्यंत

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमिनीचा मालक आपली जमीन विश्वासातल्या माणसाच्या नावे करून देई, ती अन्य कोणाच्या उपयोगासाठी. दूरदेशी जाणारा सरदार ती कुटुंबासाठी देई, तर भाविक मनुष्य स्वतःच्या नावे संपत्ती न बाळगणाऱ्या फ्रान्सिस्कन भिक्षूंसाठी. राजाच्या सामान्य न्यायालयांना फक्त कागदावरचा मालक दिसे. त्याने विश्वासघात केला तर दाद कोठे मागावी, हा प्रश्न होता. ती दाद राजाच्या चॅन्सेलरकडे मागितली जाऊ लागली. आरंभीचे चॅन्सेलर बहुधा धर्मगुरू असत आणि ते मालकी नाकारत नसत. मालक तू आहेसच, पण ही मालकी तुला स्वतःच्या सुखासाठी वापरू देणे तुझ्या सदसद्विवेकाला शोभणारे नाही, असे ते त्याला बजावत आणि न ऐकल्यास तुरुंगात टाकत. या हस्तक्षेपातून समन्याय नावाची स्वतंत्र न्यायपद्धती उभी राहिली. १६१५ मध्ये सामान्य न्यायालये आणि चॅन्सरी यांच्या संघर्षात समन्यायाचे वर्चस्व मान्य झाले. त्याआधी १६०१ मध्ये धर्मादाय उपयोगांविषयीचा कायदा होऊन सार्वजनिक हेतूंची एक यादीच तयार झाली होती.

सदसद्विवेकाचे रूपांतर हळूहळू नियमांत झाले. विश्वस्तव्यवस्था निर्माण होण्यासाठी दात्याचा हेतू, मालमत्ता आणि लाभार्थी या तिन्ही गोष्टी निश्चित असाव्या लागतात, हे १८४० च्या नाइट खटल्यात स्थिरपणे मांडले गेले. विश्वस्ताने आपल्या पदाचा लाभ स्वतःसाठी घेऊ नये, या तत्त्वाचे कठोर रूप १७२६ च्या कीच विरुद्ध सँडफर्ड या निर्णयात दिसते. एका अज्ञान मुलासाठी धरलेल्या भाडेपट्ट्याची मुदत मुलाच्या नावे वाढवून देण्यास जागेच्या मालकाने नकार दिला, म्हणून विश्वस्ताने ती स्वतःच्या नावे करून घेतली. मुलाचे त्यात काहीही बुडाले नव्हते. तरीही तो लाभ मुलाचाच, असे न्यायालयाने ठरवले. जगातील कोणालाही तो पट्टा घेता आला असता, फक्त विश्वस्ताला नव्हे. आणखी एक तत्त्व येथे नोंदवले पाहिजे. अपुरे राहिलेले दान समन्याय पुरे करीत नाही. दात्याने हस्तांतरासाठी आवश्यक ते सर्व केले नसेल, तर केवळ त्याच्या सदिच्छेच्या आधारे विनामोबदला घेणाऱ्याला न्यायालयाची मदत मिळत नाही, असे १८६२ च्या मिलरॉय विरुद्ध लॉर्ड या खटल्यात ठरले.

या पद्धतीची दुसरी बाजूही साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ या कादंबरीत वारशाचा खटला चॅन्सरीत पिढ्यान् पिढ्या चालतो, आणि शेवटी सारी मालमत्ता खटल्याच्या खर्चातच संपते. सदसद्विवेकाचे न्यायालयही कागदांच्या ढिगाखाली विवेक हरवू शकते, याची ती साक्ष आहे. १८७३ ते १८७५ या काळातील कायद्यांनी दोन्ही न्यायपद्धती एकाच न्यायालयात आणल्या त्या या अनुभवानंतर.

मुंबई शहरात समन्यायाचे अधिकार प्रथम रेकॉर्डरच्या न्यायालयाबरोबर, मग १८२३ च्या सनदेने स्थापलेल्या सुप्रीम कोर्टाबरोबर आणि १८६२ पासून उच्च न्यायालयाबरोबर आले. इलाख्याच्या उर्वरित भागात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेतील चौथ्या विनियमाने न्यायाधीशांना एक क्रम घालून दिला : आधी विधिनियम, मग देशाचा रिवाज, त्यानंतर प्रतिवादीचा कायदा, आणि यांपैकी काहीच नसेल तर न्याय, समन्याय व सदसद्विवेक. पुढे १८८७ मध्ये गुजरातेतील वाघेला राजसंजी यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने या शब्दांचा अर्थ स्पष्ट केला. हिंदी समाजाला व परिस्थितीला लागू पडत असतील तेव्हा इंग्रजी कायद्याचे नियम, असा तो अर्थ होता. अशा रीतीने सदसद्विवेक ही सर्वमानवी वाटणारी संज्ञा एका विशिष्ट देशाच्या न्यायपरंपरेशी बांधली गेली.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने डाकोरच्या रणछोडराय मंदिरासंबंधीचा, मनोहर गणेश तांबेकर विरुद्ध लखमीराम गोविंदराम हा खटला निकालात काढला. देवापुढे येणारे द्रव्य आपल्या स्वतःच्या मालकीचे आहे, असे सेवकांचे म्हणणे होते. न्यायमूर्ती वेस्ट यांनी हिंदू परंपरेतील देवता ही विधिमान्य व्यक्ती मानली आणि तिचे द्रव्य हाताळणारे सेवक विश्वस्ताप्रमाणे उत्तरदायी आहेत असा निर्णय दिला. त्रिकोणाची तिसरी बाजू येथे देवतेच्या रूपाने भरली गेली. मात्र हा मेळ सर्वत्र बसला नाही. १९२१ मध्ये विद्यावारुथीतीर्थ विरुद्ध बालुसामी अय्यर या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की इंग्रजी अर्थाची विश्वस्तव्यवस्था हिंदू पद्धतीला अपरिचित आहे आणि मठाधिपती तांत्रिक अर्थाने विश्वस्त नव्हे, जरी गैरव्यवहाराबद्दल तो सामान्य अर्थाने जबाबदार असला तरी. भाषांतराच्या अभ्यासकाला हा निर्णय ओळखीचा वाटेल. प्रतिशब्द सापडल्याने संकल्पना सापडली असे होत नाही, हेच तो सांगतो.

१८८२ चा हिंदी विश्वस्त अधिनियम या दृष्टीने बारकाईने वाचण्याजोगा आहे. १८९१ मध्ये तो मुंबई इलाख्यास लागू झाला. इंग्रजी विचारात एकाच वस्तूची दुहेरी मालकी मानली जाते : कायद्याने विश्वस्ताची, समन्यायाने लाभार्थीची. या अधिनियमाने ती दुहेरी मालकी घेतली नाही. विश्वस्तव्यवस्था म्हणजे मालकीला जोडलेले, मालकावर टाकलेल्या व त्याने स्वीकारलेल्या विश्वासातून उद्भवणारे, दुसऱ्याच्या लाभासाठीचे दायित्व, असा तिसऱ्या कलमाचा आशय आहे. मालक एकच, पण त्याच्या मालकीला कर्तव्य चिकटलेले. धार्मिक व धर्मादाय देणग्या मात्र या अधिनियमातून वगळल्या गेल्या. सार्वजनिक हेतूच्या ऐहिक देणग्यांसाठी १८९० चा धर्मादाय देणग्यांचा अधिनियम आला. दारिद्र्यनिवारण, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य व सार्वजनिक उपयुक्ततेचे अन्य हेतू त्यात समाविष्ट होते, आणि केवळ धर्मशिक्षण वा पूजाअर्चा यांसाठी असलेले हेतू वगळलेले होते. यशवंतपूरच्या संस्थेचा जन्म या अधिनियमाखाली झाला.

४. मृताचा शब्द

जमशेटजी टाटा यांनी १८९८ मध्ये उच्च संशोधनाच्या संस्थेसाठी आपल्या संपत्तीतून मुंबईतील मालमत्ता देऊ केली. तिची किंमत सुमारे तीस लाख रुपये आणि वार्षिक उत्पन्न सुमारे सव्वा लाख रुपये धरले गेले होते. बर्जोरजी पादशहा यांच्या साहाय्याने योजना आखली गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जमशेटजींनी स्वामी विवेकानंदांना या कार्यासंबंधी पत्र लिहिले. ३१ डिसेंबर रोजी, नुकत्याच मुंबईत उतरलेल्या लॉर्ड कर्झन यांच्यापुढे मसुदा ठेवण्यात आला. आरंभीच्या या मसुद्यात विज्ञान व तंत्रविद्येबरोबर वैद्यक, तसेच तत्त्वज्ञान व शिक्षण यांचेही विभाग होते. कर्झन यांना योजनेच्या व्यवहार्यतेविषयी शंका होत्या. १९०० मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झे हिंदुस्थानभर फिरून आले आणि त्यांनी स्थान म्हणून बंगळूरची शिफारस केली. पाठोपाठ मॅसन व क्लिबॉर्न यांची समिती नेमली गेली. चर्चा चालूच राहिली, आणि १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाद नाउहाइम येथे जमशेटजींचे निधन झाले. मालमत्ता संस्थेसाठी विधिवत् सुपूर्द करण्याचे कार्य तोपर्यंत झालेले नव्हते.

समन्यायाच्या दृष्टीने हा अत्यंत नाजूक क्षण आहे. दाता गेला, हस्तांतर अपुरे, आणि ज्या संस्थेसाठी ते व्हावयाचे ती अद्याप अस्तित्वातच नाही. केवळ जाहीर केलेल्या योजनेच्या आणि मसुद्यांच्या आधारावर कोणाला न्यायालयात उभे राहता आले असते काय, हा प्रश्न अपुऱ्या दानाविषयीचे तत्त्व लक्षात घेता फार आशादायक नव्हे. तो प्रश्न न्यायालयात गेलाच नाही, कारण दोराबजी आणि रतन या दोन्ही मुलांनी पित्याचा संकल्प पुढे नेला. कायद्याने विचारण्याआधी उत्तर देणाऱ्या चारुदत्ताची आठवण येथे व्हावी हे स्वाभाविक आहे. पण साम्य येथेच थांबते. चारुदत्ताचे कृत्य त्याच्या एकट्याच्या औदार्यात पुरे होते, तर टाटा बंधूंना ते औदार्य अशा रूपात बांधून ठेवावयाचे होते की पुढील पिढ्यांतील कोणाच्या औदार्यावर ते अवलंबून राहू नये.

ते रूप म्हणजे २७ मे १९०९ चा सरकारी आदेश होय. १८९० च्या अधिनियमानुसार मालमत्ता धर्मादाय देणग्यांच्या कोषपालाच्या नावे निहित झाली आणि तिचा विनियोग कसा व्हावा हे व्यवस्थापन-योजनेने ठरवून दिले. हा कोषपाल नाममात्र मालक असतो. मालमत्ता त्याच्या नावे राहते, परंतु कारभार योजनेने नेमलेल्यांकडे असतो. १९०७ मध्ये म्हैसूर संस्थानाने ३७१ एकर १६ गुंठे जमीन दिली होती. निधी मुंबईचा, अधिनियम ब्रिटिश हिंदुस्थानचा आणि जमीन संस्थानी राज्याची, अशी तीन सत्तांच्या सीमेवरील ही रचना होती. १९११ च्या फेब्रुवारीत महाराज कृष्णराज वडियार यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि जुलैमध्ये अध्यापन सुरू झाले. मुंबईच्या इमारतींचे भाडे यशवंतपूरच्या प्रयोगशाळेत पोहोचू लागले. न्यासाप्रमाणे ते परत करावयाचे नव्हते आणि उत्सर्गाप्रमाणे ते वाऱ्यावर सोडलेलेही नव्हते.

दात्याची इच्छा आणि संस्थेचे प्रत्यक्ष रूप यांतील अंतरही नोंदले पाहिजे. रसायन आणि विद्युत्-तंत्र यांपासून आरंभ झाला. मूळ मसुद्यातील वैद्यक, तत्त्वज्ञान व शिक्षण या शाखा त्या रूपात आल्या नाहीत. त्यानंतर १९२१ मध्ये पोप समितीने, १९३० च्या सुमारास सेवेल समितीने आणि १९३६ मध्ये अर्विन समितीने संस्थेच्या कारभाराची व दिशेची तपासणी केली. मूळ हेतू अशक्य वा अनुचित ठरल्यास त्याच्या शक्य तितक्या जवळचा हेतू शोधावा, हे समन्यायाचे तत्त्व आहे. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमातही ते आले आणि १९५४ च्या रतिलाल पानाचंद गांधी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला मर्यादा घातल्या. धार्मिक देणगीचा पैसा केवळ अधिकाऱ्याला योग्य वाटते म्हणून अन्य हेतूकडे वळवता येणार नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता. मृताच्या शब्दाचा अर्थ लावणे हे एक प्रकारचे संहितावाचनच आहे, आणि त्यातही मूळ पाठाशी निष्ठा व नव्या संदर्भाची गरज यांचा ताण असतो.

५. तिसरा कोण?

सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेत लाभार्थी निश्चित व्यक्ती नसते. लाभार्थी म्हणजे जनता किंवा जनतेचा एखादा वर्ग. त्यामुळे जाब विचारण्याचा अधिकारही व्यक्तीला सहज मिळत नाही. इंग्लंडमध्ये तो ॲटर्नी जनरलकडे असतो. ब्रिटिश हिंदुस्थानात १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ९२ व्या कलमाने तो ॲडव्होकेट जनरलला, किंवा हितसंबंध असलेल्या दोन वा अधिक व्यक्तींना पूर्वसंमतीने दिला. एकट्याने येऊन ‘हा निधी माझ्यासाठीही आहे’ असे म्हणणाऱ्याला या रचनेत जवळजवळ स्थान नाही. उत्सर्ग केलेल्या तळ्यावर पाणी प्यायला आलेल्याला जर कोणी अडवले, तर त्याने कोणाकडे जावे, हा प्रश्न महाराष्ट्राच्या इतिहासात १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर किती तीव्रतेने उभा राहिला हे सांगण्याची आवश्यकता नाही. तेथेही प्रतिपक्षाने दिवाणी न्यायालयाची वाट धरली, आणि तळे सार्वजनिक की विशिष्ट वर्गाचे, याचा निकाल उच्च न्यायालयातून लागण्यास १९३७ साल उजाडले.

यशवंतपूरच्या संस्थेत हा प्रश्न १९३३ मध्ये वेगळ्या रूपात आला. कमला भागवत मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून तेथे प्रवेश मागण्यास आल्या. त्यांचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे याच संस्थेचे आरंभीचे विद्यार्थी होते. मराठी वाचकाला त्यांची थोरली बहीण दुर्गा भागवत यांची वेगळी ओळख करून देणे नको. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई परत गेल्या नाहीत. त्यांनी कारण विचारले आणि सत्याग्रहाचा इशारा दिला, असे त्यांच्या चरित्रविषयक लेखनात नोंदलेले आहे. अखेर अटी घालून प्रवेश मिळाला. पहिले वर्ष परीक्षाधीन म्हणून काढावयाचे, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करावयाचे, आणि आपल्या उपस्थितीने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू द्यावयाचे नाही, असे त्या अटींचे स्वरूप होते. त्यांनी त्या स्वीकारल्या, पण त्यातील अपमान विसरल्या नाहीत, आणि पुढे जाहीरपणे बोलूनही दाखवला. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे त्या कमला सोहोनी या नावाने ख्यातनाम झाल्या.

या प्रसंगाकडे स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण विश्वस्तकायद्याच्या दृष्टीने पाहिल्यास त्यात आणखी एक अर्थ दिसतो. रामन यांच्या प्रामाणिकपणाविषयी वा विज्ञाननिष्ठेविषयी कोणास शंका घेता येणार नाही. निधीतील एक पैही त्यांनी स्वतःकडे वळवली नव्हती. कीच विरुद्ध सँडफर्डच्या कसोटीवर ते निर्दोष ठरतात. तरीही विश्वस्ताचे कर्तव्य केवळ न चोरण्यात संपत नाही. लाभार्थीला लाभार्थी म्हणून ओळखणे हाही त्या कर्तव्याचा भाग आहे. मालमत्ता सुरक्षित राहूनही विश्वास मोडू शकतो, आणि तो मोडल्याचे सांगण्यासाठी दारात येऊन उभे राहणारे कोणी तरी असावे लागते. कण्वाच्या उपमेत कन्या ही स्वतःच ठेव होती आणि तिचे म्हणणे विचारले गेले नव्हते. १९३३ मध्ये यशवंतपूरच्या दारात एक कन्या ठेव म्हणून नव्हे, तर जिच्यासाठी ठेव ठेवली गेली तिच्या नात्याने उभी राहिली. विश्वस्तकल्पनेच्या भारतीय इतिहासात या पालटाला स्वतंत्र महत्त्व दिले पाहिजे.

६. शब्दाची बाजू

सत्याग्रह आणि विश्वस्तकल्पना यांचे सान्निध्य येथे योगायोगाचे नव्हे. गांधीजींनी लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करताना स्नेल यांचा समन्यायावरील ग्रंथ वाचला होता. तो रसपूर्ण पण समजण्यास कठीण वाटला, असे त्यांच्या आत्मकथेत आहे. पुढे दक्षिण आफ्रिकेत गीतेच्या चिंतनातून ‘ट्रस्टी’ या शब्दाचा अर्थ आपल्याला अधिक उलगडला, आणि कोट्यवधींची संपत्ती हाती असूनही तिच्यातील कणही आपला न मानणारा विश्वस्त हे अपरिग्रहाचे उदाहरण वाटले, असे ते सांगतात. ही भाषांतराची विलक्षण प्रक्रिया आहे. चॅन्सरीने ज्या सदसद्विवेकाचे नियमांत रूपांतर केले होते, त्या नियमांचे गांधीजींनी पुन्हा सदसद्विवेकात रूपांतर केले. या प्रक्रियेत विश्वस्त उजळला, पण त्रिकोणाची तिसरी बाजू मंदावली. श्रीमंतांनी स्वतःला विश्वस्त मानावे या आवाहनात, त्यांनी तसे न मानल्यास लाभार्थीने काय करावे याचे उत्तर त्या शब्दात नव्हते. ते गांधीजींच्याच दुसऱ्या शब्दात, सत्याग्रहात, होते.

भाषांनी केलेली निवडही याच दिशेची आहे. हिंदीने ‘न्यास’ निवडला आणि वस्तूवर भर दिला. कन्नडमध्ये देणगीनिधीसाठी ‘दत्ति’ हा शब्द रूढ आहे आणि त्यात देण्याची क्रिया पुढे येते. मराठी कायद्याच्या भाषेने ‘विश्वस्तव्यवस्था’ हा शब्द घडवला, ज्यावर विश्वास ठेवला त्या माणसाला मध्यभागी आणून. यांपैकी एकाही शब्दात तो निधी ज्याच्यासाठी आहे तो मनुष्य दिसत नाही. ‘लाभार्थी’ हा शब्द आहे, परंतु सरकारी योजनांच्या भाषेत तो मिंधेपणाच्या अर्थाकडे झुकला आहे, आणि ‘हिताधिकारी’ हा नेमका शब्द कोशांबाहेर फारसा पडला नाही. त्यातील ‘अधिकारी’ हा घटक मात्र मोलाचा आहे. सार्वजनिक निधीतून जो घेतो तो उपकार घेत नाही. आपल्या हिताचा अधिकार बजावतो.

यशवंतपूरच्या संस्थेला १९५८ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि तिचा खर्च मूळ निधीच्या कितीतरी पटींनी वाढून तो प्रामुख्याने सार्वजनिक तिजोरीतून होऊ लागला. त्यामुळे विश्वस्तव्यवस्थेचा प्रश्न मिटत नाही, तो अधिक व्यापक होतो. दात्याची इच्छा कोणी सांभाळावी हे ठरवण्यास १९०९ चा एक आदेश पुरेसा होता. ती कोणासाठी सांभाळली जात आहे, हे मात्र कोणत्याही आदेशाने एकदाचे ठरत नाही. ज्याला आत येऊ दिले नाही असा प्रत्येक जण तो प्रश्न नव्याने विचारू शकतो, आणि त्याला उत्तर देण्याचे बंधन विश्वस्तपदातच अंतर्भूत आहे.